पडद्यावर मराठी अक्षरे येऊ द्या

संध्याकाळी सात वाजल्यापासून जेवणे उरकेपर्यंत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत टीव्हीवर मराठी मालिका चालू असतात. घरातले मूल अभ्यासाला बसलेले असले तरी त्याचे कान तिकडेच असतात. त्या दोन-तीन तासांत हजारो मराठी शब्द त्याच्या कानांवर पडतात; डोळ्यांना मात्र त्यातला एकही दिसत नाही. लिखित मराठी म्हणून पडद्यावर येते ते मालिकेचे नाव आणि चार-दोन जाहिराती. पात्रे जे बोलतात, गायक जे गातात, तेच त्याच क्षणी पडद्याच्या खालच्या कडेला देवनागरीत उमटत राहिले, तर मुलांचे वाचन सुधारेल का? प्रश्न नवा नाही. भारतात त्यावर पंचवीस वर्षांहून अधिक काळ काम झाले आहे आणि उत्तर होकारार्थी आले आहे.

ब्रिज कोठारी १९९६ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात संशोधन करत होते आणि स्पॅनिश शिकत होते. मित्रांबरोबर एक स्पॅनिश चित्रपट पाहताना त्यांना वाटले, खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिशच अक्षरे असती तर संवाद नीट पकडता आले असते. त्यातूनच पुढचे सुचले : हिंदी गाण्यांखाली हिंदीच शब्द दिले तर? अहमदाबादच्या आयआयएममध्ये आल्यावर त्यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला. १९९९ मध्ये दूरदर्शनच्या गुजराती ‘चित्रगीत’ कार्यक्रमात गाण्यांखाली गुजराती शब्द दिसू लागले. २००२ मध्ये ‘चित्रहार’मध्ये हिंदी शब्द आले, पुढे ‘रंगोली’तही आले. गायकाच्या तोंडून शब्द निघाला की खालच्या ओळीतल्या त्याच शब्दाचा रंग बदलायचा. या कामासाठी कोठारी यांनी ‘प्लॅनेटरीड’ ही संस्था उभी केली. मराठीतही २०१३ नंतर झी टॉकीज वाहिनीवरच्या काही चित्रपटांना मराठी उपशीर्षके देऊन हा प्रयोग झाला.

मुलाला यात वेगळे काहीच करावे लागत नाही, अभ्यास म्हणून तर नाहीच. पडद्यावर अक्षरे हलली की नजर आपोआप तिकडे वळते. प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून केलेल्या अभ्यासांत असे दिसले आहे, की अडखळत वाचणारा माणूसही उपशीर्षकांकडे वळतो आणि जमेल तेवढे वाचत राहतो. जेवढा धडा वाचायला बसवले की मूल टाळाटाळ करते, तेवढाच मजकूर ते गाण्याच्या ओघात आवडीने वाचून जाते. शिवाय गाणे आधीच पाठ असते. धृपद चार वेळा येते. पुढचा शब्द कोणता हे कानाला ठाऊक असते, त्यामुळे डोळा धीटपणे पुढे सरकतो. नव्याने वाचायला शिकणाऱ्यासाठी याहून चांगला सराव शोधून सापडणार नाही.

देवनागरीच्या बाबतीत तर हे आणखी उपयोगी आहे. आपली लिपी बऱ्याच अंशी उच्चाराप्रमाणे चालते, पण पूर्णपणे नाही. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च कागदावर सारखेच दिसतात, फरक कळतो तो ऐकूनच. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला र दोन तऱ्हांनी लिहिला जातो आणि दोन तऱ्हांनी उच्चारला जातो. अनुस्वार तर पुढच्या अक्षराप्रमाणे आवाज बदलतो. पहिली-दुसरीतले मूल इथेच अडखळते, कारण पुस्तकातले अक्षर बोलत नाही आणि वर्गातल्या बाई एकाच वेळी चाळीस मुलांच्या बोटाखालचा शब्द वाचून दाखवू शकत नाहीत. अक्षर आणि आवाज एकाच क्षणी समोर आले, की या खाचाखोचा नियम न सांगताही अंगवळणी पडू लागतात.

खर्चाचे कारण पुढे करता येणार नाही. मालिकेचे संवाद चित्रीकरणाआधीच लिहिलेले असतात. गाण्यांचे बोल तर उपलब्ध असतातच. शिवाय हे काम केवळ मुलांसाठीही नाही. केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने २०१९ मध्ये कर्णबधिर प्रेक्षकांसाठी टीव्ही कार्यक्रमांच्या सुगम्यतेचे निकष जाहीर केले आणि वाहिन्यांनी उपशीर्षके किंवा सांकेतिक भाषा टप्प्याटप्प्याने आणावी, असे ठरवून दिले. ते मनापासून पाळले गेले, तर कर्णबधिर प्रेक्षक, लिहा-वाचायला शिकणारी मुले आणि ऐकू कमी येऊ लागलेले आजी-आजोबा या सगळ्यांचीच सोय होईल. आज चित्र असे आहे, की चित्रपटगृहात आणि ओटीटीवर मराठी चित्रपटाखाली इंग्रजी अक्षरे सर्रास दिसतात. अमराठी प्रेक्षकांसाठी ती हवीतच. पण मराठी चित्रपटाखाली मराठी अक्षरे निवडण्याची सोय शोधू गेल्यास बहुतेक वेळा मिळत नाही. अमेरिकेत किंवा दुबईत वाढणाऱ्या मराठी मुलांचे यात दुहेरी नुकसान आहे. त्यांना मराठी कळते, थोडे बोलताही येते, पण देवनागरी डोळ्यांसमोर येण्याचे प्रसंगच कमी असतात. त्यांच्यासाठी तर मराठी चित्रपट हीच पाठशाळा होऊ शकली असती.

गरज किती आहे, हे ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीतून दरवेळी समोर येते. २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले ४८.८ टक्के होती. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले पाचवीत पोहोचली आहेत आणि दुसरीचा उतारा त्यांना वाचता येत नाही. त्याच अहवालात आणखी एक माहिती आहे. १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाशी संबंधित काहीतरी केले होते, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमे वापरली होती.

या आकड्यांवरून फोन हिसकावून घ्या, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. त्यांची काळजी खरी आहे. पण फोन घरात आलेला आहे आणि तो परत जाणार नाही. मग त्याच फोनवर मराठी वाचण्या-लिहिण्याचे काम कसे वाढेल, याचा विचार करणे भाग आहे. हाताशी असलेल्या साधनांतून शिकवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागड्या शैक्षणिक साहित्याऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांतून मोजणी आणि ओळख शिकवली. मुलाच्या आसपास जे आहे तेच शिकण्याचे साधन, ही त्यांची दृष्टी होती. आज मुलाच्या आसपास फोन आहे.

फोनमधली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित सोय म्हणजे आवाज ध्वनिमुद्रित करण्याची. मुलाने पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, तो ध्वनिमुद्रित करायचा आणि स्वतःच ऐकायचा. आपण कुठे अडखळलो, कुठे शब्द गिळला, कुठे पूर्णविराम ओलांडून पुढे पळालो, हे मुलाला स्वतःच्या कानांनी कळते. मग तोच परिच्छेद पुन्हा वाचायचा. एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचल्याने वाचनाला ओघ येतो, हे अमेरिकन अभ्यासक एस. जे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्येच मांडले होते आणि नंतरच्या अनेक अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. आपल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी रोज प्रगट वाचन हवे आणि ते ऐकणारे कोणीतरी हवे. वर्गात प्रत्येकाची पाळी आठवड्यातून एकदा आली तरी पुष्कळ झाले. घरी मात्र दोन मिनिटांचे वाचन ध्वनिमुद्रित करून गावाकडच्या आजीला पाठवता येते. आजीला स्वतःला वाचता येत नसले तरी चालते. नातू सलग वाचतो आहे की धडपडतो आहे, हे तिला ऐकून बरोबर कळते. उद्या पुढची गोष्ट पाठव, असे तिने म्हटले की मुलाला वाचायला कारण मिळते.

ऐकणारे माणूस घरी नसेल तेव्हा यंत्रही काही मदत करू शकते. गुगलने मार्च २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ नावाचे ॲप आणले. मूल फोनसमोर गोष्ट मोठ्याने वाचते, ॲपमधली ‘दिया’ ऐकते, चुकलेला शब्द दाखवते, अडलेला शब्द उच्चारून देते. उत्तर प्रदेशातल्या सुमारे दोनशे गावांत त्याची चाचणी झाली होती आणि इंटरनेट नसतानाही ते चालत होते. वर्षभराने ‘रीड अलाँग’ या नावाने ते इतर भाषांत गेले, त्यांत मराठीही होती.

वाचायला काय द्यायचे, हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीतल्या चित्रकथा मोफत आहेत आणि त्या वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत. गोंडीसारख्या भाषांतल्या गोष्टीही तिथे मिळतात. टाळेबंदीच्या वर्षात महाराष्ट्रात ‘गोष्टींचा शनिवार’ हा उपक्रम याच गोष्टींवर उभा राहिला. दर आठवड्याला शिक्षक पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर गोष्टी पाठवत असत. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने लोकांसाठी खुले केले आहेत. त्या अंकांत मराठीतल्या नामवंत लेखकांनी मुलांसाठी लिहिलेले साहित्य आहे. ज्या गावात वाचनालय नाही, तिथल्या मुलापर्यंत ते एका फोनवरून पोहोचते, ही साधी गोष्ट नव्हे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले, तेव्हाही मध्यभागी पुस्तकच होते. पान उघडायचे, कोडवर फोन धरायचा, कविता चालीवर ऐकायची आणि पुन्हा पानाकडे यायचे. गावात बरीच मुले कन्नड बोलणारी होती, म्हणून त्यांनी त्या भाषेचीही जोड दिली. नंतर राज्याच्या सर्व इयत्तांच्या पुस्तकांत कोड आले आणि २०२० मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. त्यांच्या कामाचे हे वैशिष्ट्य नीट लक्षात घ्यायला हवे : फोन मुलाला पुस्तकाकडे परत पाठवत होता.

आता लेखनाकडे. मराठी मुले फोनवर रोज लिहितात, पण पुष्कळदा रोमन लिपीत. ‘काय करतोस’ हा साधा प्रश्न इंग्रजी अक्षरांत जातो आणि उत्तरही तसेच येते. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या कोव्हेंट्री विद्यापीठाच्या संशोधकांनी १० ते १२ वयाच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा मोबाइलवर लघुरूपे वापरून संदेश लिहिणाऱ्या मुलांचे इंग्रजी वाचन बिघडलेले आढळले नाही. उलट जास्त लघुरूपे वापरणारी मुले वाचनात बरी होती. त्याचा दाखला देऊन आपल्याकडेही कशाला चिंता करायची, असे म्हणता येणार नाही. ती मुले त्यांच्याच भाषेच्या लिपीत, आवाजाशी खेळत लिहीत होती. मराठी मूल रोमनमध्ये लिहिते तेव्हा ण आणि न, ळ आणि ल, ह्रस्व आणि दीर्घ हे सगळे भेद पुसले जातात. ‘बाळ’ आणि ‘बाल’ एकसारखेच दिसतात. अशा लेखनातून देवनागरीचा सराव काहीच होत नाही.

देवनागरी कळफलकावर मात्र तो होतो, आणि पाटीवर होतो त्याहून वेगळा होतो. ‘विहीर’ हाताने लिहिताना मूल आधी पहिली वेलांटी काढते, मग व. कळफलकावर क्रम उच्चाराचा असतो : आधी व, मग पहिली वेलांटी, मग ह, मग दुसरी वेलांटी, मग र. ‘शक्ती’ लिहिताना श, क, हलन्ताचे चिन्ह, त आणि दुसरी वेलांटी अशी जुळणी करावी लागते. जोडाक्षर म्हणजे एक अवघड चित्र नसून दोन व्यंजने एकमेकांना चिकटलेली आहेत, हे जे फळ्यावर समजावताना शिक्षकांची दमछाक होते, ते मुलाच्या बोटांना इथे कळते. भारत सरकारने प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात तर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. वर्णमालेची रचनाच त्यात उतरलेली आहे. तो शिकायला थोडे दिवस लागतात, पण एकदा बसला की संगणकावरही तोच चालतो.

फोन शब्द सुचवतो, त्याचाही उपयोग करून घेता येतो. ‘विहीर’ लिहिताना ही दीर्घ आणि ‘विहिरीत’ लिहिताना हि ह्रस्व, हा मराठी शुद्धलेखनाचा नियम भल्याभल्यांना चकवतो. फोनने दोन पर्याय समोर ठेवले आणि शिक्षकांनी विचारले, ‘यातला कोणता घ्यायचा आणि का?’, तर नियम उदाहरणातून उलगडतो. न विचारता पहिला पर्याय दाबला तर काहीच शिकले जात नाही. पाचवीपासून आठवड्यातून एक तास देवनागरी कळफलकावर श्रुतलेखन घ्यायला कोणत्याही शाळेला नवी यंत्रसामग्री लागणार नाही. शाळेतला एखादा संगणक आणि शिक्षकांचे फोन एवढ्यावर सुरुवात होते.

बोलून लिहिण्याच्या सोयीबद्दल मात्र सावधपणे बोलायला हवे. गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत ती दिली. ज्या मुलाला सांगायचे खूप असते पण हात चालत नाही, त्याला ती मोठा आधार आहे. आठवडी बाजाराचे किंवा जत्रेचे वर्णन ते भडाभडा बोलते आणि पडद्यावर परिच्छेद उभा राहतो. आपणही एवढे लिहू शकतो, हा विश्वास त्यातून येतो. पण काम तिथे संपत नाही. यंत्र विरामचिन्हे विसरते, नावे चुकवते, अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या मुलाचा शब्द बदलून भलताच टाकते. तो मजकूर मुलाने वाचायचा, दुरुस्त करायचा आणि मग वहीत स्वच्छ अक्षरात उतरवायचा. हा शेवटचा टप्पा गाळला, तर लेखन यंत्राचे होते आणि मूल जिथल्या तिथे राहते.

हाताने लिहिण्याला पर्याय नाही, निदान सुरुवातीच्या वर्षांत नाही. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या कॅरिन जेम्स यांनी २०१२ मध्ये वाचता न येणाऱ्या लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या अक्षरांचा सराव मुलांनी हाताने लिहून केला होता, ती पाहताना वाचनाशी संबंधित मेंदूचे भाग जागे झाले. कळ दाबून शिकलेल्या अक्षरांबाबत तसे घडले नाही. म्हणून पहिली-दुसरीत धूळपाटी, पाटी आणि पेन्सिल हीच साधने हवीत. दीर्घ वाचनासाठी कागदही हवाच. २०१८ मध्ये पाब्लो डेलगादो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा तोच मजकूर पडद्यापेक्षा कागदावर वाचणाऱ्यांना अधिक समजतो, असे दिसले.

नुसते यंत्र वाटून काय होते, याचा सर्वांत मोठा धडा पेरू देशाने दिला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेत तिथल्या सरकारने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गणितात किंवा भाषेत काहीही प्रगती आढळली नाही. याच योजनेचा एक प्रयोग रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावीही २००७ मध्ये झाला होता. याच्या उलट उदाहरण बोत्स्वानाचे आहे. करोनाकाळात शाळा बंद असताना तिथे पालकांना आठवड्याला साधा फोन केला जात असे आणि सुमारे वीस मिनिटे मुलाकडून गणिते करून घेतली जात. ती मुले पुढे गेली. नुसते संदेश ज्यांना पाठवले होते, त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. विषय गणिताचा असला तरी वाचनालाही हेच लागू आहे. पलीकडे माणूस असला पाहिजे. टॅबलेट वाटपाच्या घोषणा करणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीने ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने भाषेसाठी काय काय करायचे याच्या याद्या निघाल्या. त्यांत एक अल्पखर्चाचे काम जोडावे. राज्य सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्य देते. ते घेणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला मराठी उपशीर्षके असलीच पाहिजेत, अशी अट घालावी. मराठी वाहिन्यांनी गाण्यांच्या कार्यक्रमांपासून सुरुवात करावी आणि मग मालिकांकडे यावे. शाळांनी पालकसभेत फोन वाईट की चांगला यावर तास घालवण्याऐवजी देवनागरी कळफलक कसा चालू करायचा आणि मुलाचे वाचन कसे ध्वनिमुद्रित करायचे, हे दहा मिनिटांत दाखवावे. आणि ज्यांच्या घरी वाचायला शिकणारे मूल आहे, त्यांनी आज रात्री मालिका संपल्यावर त्याला एक पान मोठ्याने वाचायला लावावे आणि शेवटपर्यंत ऐकावे.